मोगरा पुन्हा उन्हात ठेवला आहे

१७ मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, पण नवा चष्मा मिळेपर्यंत वाचणे जमणार नाही, असे ताईने कळवले. त्यामुळे हे पत्र आई मोठ्याने वाचून दाखवणार हे गृहीत धरून लिहितो आहे. आई, मधे एके ठिकाणी मी केवळ तुझ्यासाठी लिहिले आहे, आणि तेही तू न थांबता वाचून टाकशील याची मला खात्री आहे. फोनवर रोज बोलणे होतेच, परंतु बाबा "बाग कशी आहे?" एवढे विचारतात, मी "छान आहे" एवढे सांगतो, आणि त्या दोन वाक्यांत गेल्या अडीच महिन्यांतले काहीच मावत नाही. शिवाय एप्रिलच्या मध्यापर्यंत ते "छान आहे" खरेही नव्हते.

मोगऱ्यापासून सुरुवात करतो, कारण अपराध तिथेच घडला. बाबा, तुम्ही जाताना जी वही माझ्या हातात ठेवलीत, तिच्यात प्रत्येक झाडापुढे तुम्ही मोजून तीन-चार शब्द लिहिले आहेत. "जास्वंद : मुंग्या दिसल्या की पान उलटून बघ." "बोगनवेल : मागेल तेव्हाच पाणी." आणि मोगऱ्यापुढे तर एकच शब्द आहे : "ऊन." हा शब्द मी इशारा म्हणून वाचला. मार्चच्या अखेरीस दुपारचे ऊन अंगावर येऊ लागले, चारही कुंड्यांतली कोवळी पाने बाराच्या सुमारास मलूल होऊन खाली पडल्यासारखी दिसू लागली, आणि जानेवारीत तुम्ही पाणी तोडून, छाटून, पाने ओरबाडून ज्यांना जवळजवळ काड्यांवर आणून ठेवले होते त्या झाडांची मला मनापासून कीव आली. मी चारही कुंड्या उचलून मागच्या भिंतीजवळ, हिरव्या जाळीखाली नेऊन ठेवल्या, दिवसातून दोनदा पाणी दिले, आणि एवढ्याने भागत नाही असे वाटून प्रत्येक कुंडीत चिमूट-चिमूट म्हणता म्हणता चांगला अर्धा मूठ युरिया टाकला.

त्यानंतर झाडे अशी काही वाढली की मी स्वतःवर खूश होतो. काळसर हिरवी, तळहाताएवढी पाने आली, वेलासारखे लांब शेंडे जाळीबाहेर डोकावू लागले, आणि शेजारच्या भिंतीपलीकडून मोगऱ्याचा वास येऊ लागला तरी आपल्या चार कुंड्यांत मिळून एक कळी नव्हती. तेव्हा कुठे मी बसून वाचायला सुरुवात केली. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि नत्र मुख्यतः पानांच्या वाढीला लागते, हे शाळेत शिकलो होतो; ते आपल्या कुंडीलाही लागू होते, हे मात्र सुचले नव्हते. मोगऱ्याला कळ्या धरायला रोजचे निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते, आणि कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला. दुपारची मलूल पाने ही तहान नसून झाडाची दुपारची झोप असते. संध्याकाळी तीच पाने पाण्याचा थेंबही न मिळता ताठ उभी राहिली, तर माती आतून ओलीच आहे, असे समजावे. मी मात्र त्या झोपेतून उठवून उठवून त्यांना पाणी पाजत होतो. एका कुंडीचे खालचे भोक बुजले होते, तिथली खालची पाने पिवळी पडू लागली होती, आणि मी तेही ऊन लागल्याचेच लक्षण धरले होते.

सावलीत वाढलेली पाने एकदम कडक उन्हात ठेवली तर करपतात, म्हणून आठवडाभर कुंड्या रोज थोड्या थोड्या पुढे सरकवल्या. आधी सकाळचे ऊन, मग अकरापर्यंतचे, मग दिवसभराचे. लांबलेले शेंडे पानांच्या दोन जोड्या ठेवून वरून खुडले. बुजलेले भोक खालून काडीने मोकळे केले, तेव्हा जे पाणी बाहेर आले त्याचा वास मोगऱ्याचा नक्कीच नव्हता. खत बंद केले. मातीवर दोन-तीन इंच वाळका पाचोळा पसरला आणि पाणी देण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहायची सवय लावून घेतली. या सगळ्याला साधारण साडेतीन आठवडे लागले, आणि एके सकाळी एका शेंड्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन हिरव्या कळ्या दिसल्या : मधली थोडी मोठी, बाजूच्या दोन लहान. पुढे लक्षात आले की मधलीच आधी उमलते, आणि ती गळून गेली की बाजूच्या दोघींची पाळी येते. एवढी वर्षे या घरात राहून हे मी कधी पाहिले नव्हते.

आता रोज पंचवीस-तीस फुले आहेत. पहिला बहर माझ्यामुळे बुडाला, हे मान्य करतो. हा दुसरा, किंवा उशिरा आलेला पहिला, तुमच्या वहीतल्या त्या एका शब्दामुळे आला आहे. बाबा, पुढच्या वेळी निदान "ऊन हवे" असे दोन शब्द लिहा.

एक कळी मात्र जांभळट दिसली आणि मला वाटले की हा एखादा नवा रंग असावा. जवळ जाऊन पाहिले तर बुडाशी टाचणीच्या टोकाएवढे भोक होते, शेजारच्या कळीला बारीक जाळ्याने बांधून टाकले होते, आणि बोटाने उकलल्यावर आतून हिरवट अळी निघाली. तेव्हापासून सकाळी चहाचा कप ठेवून आधी जांभळट कळ्या शोधतो आणि खुडून टाकतो. औषध फवारलेले नाही.

जास्वंदीचे वहीप्रमाणेच झाले. मुंग्या दिसल्या, पान उलटले, आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण सापडला. त्याच्या अंगातून गोड चिकट रस पाझरतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात. म्हणजे मुंग्या हा रोग नसून चोराच्या घराबाहेरची पादत्राणे आहेत, एवढे समजले. जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचे पाणी यांनी दोन रविवारी काम झाले. आता पहाटे सहाला चार-पाच फुले असतात आणि त्यांच्यापाठोपाठ शिंजीर येतो. हा पक्षी फुलाच्या तोंडाशी जातच नाही. तो देठाशी बसतो, फुलाच्या बुडाला बाहेरून चोच खुपसतो आणि आतला मध तिथूनच ओढून घेतो. परागकणांना स्पर्शसुद्धा करत नाही. मी सलग तीन दिवस हीच चोरी पाहिली. नंतर झाडाखाली पडलेली फुले उचलून पाहिली, तर बहुतेकांच्या बुडाशी बारीक चीर होती. एक दिवसाचे आयुष्य असलेल्या फुलाने तक्रार करावी तरी कोणाकडे?

या वर्षी घरूनच काम असल्यामुळे बागेचा संपूर्ण दिवस पाहायला मिळतो आहे, आणि तो घड्याळासारखा चालतो, ही गोष्ट मला नवी आहे. स्वीडनच्या कार्ल लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५१ सालच्या एका ग्रंथात फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती : कोणते फूल किती वाजता उमलते आणि किती वाजता मिटते, ते पाहून वेळ सांगायची. आपल्या अंगणात असे घड्याळ आपोआप लागले आहे. सहाला जास्वंद, नऊ-साडेनऊला कठड्यावरचा चिनी गुलाब, जो दुपार उतरण्याआधीच दुकान बंद करतो आणि ढगाळ दिवशी तर उघडतही नाही, मग बराच वेळ काही नाही. चिनी गुलाबाची एक गंमत मात्र सांगतोच. उमललेल्या फुलातल्या पिवळ्या पुंकेसरांच्या झुबक्याला पेन्सिलीच्या टोकाने हलकेच स्पर्श केला की ते पुंकेसर काही क्षणांत हलतात, जणू कोणी आले म्हणून मान वळवतात. मधमाशी आत उतरते तेव्हाही तसेच होते आणि तिच्या अंगाला पराग लागतात. कामाच्या एका बैठकीत, समोरचा बोलत असताना, मी एका हाताने हा प्रयोग करत होतो, हे कोणाला सांगू नका.

बारा ते चार या वेळेत अंगणात फक्त बोगनवेल जागी असते. वहीतल्या आज्ञेप्रमाणे तिला मागेल तेव्हाच पाणी दिले, आणि तिची पाने जितकी गळाली तितका तिला रंग चढला. तो रंग फुलाचा नाही, हे तुम्ही मला लहानपणी सांगितले होते. ती रंगीत पाने, आणि खरे फूल म्हणजे मधली पांढरी, टाचणीएवढ्या तोंडाची नळी. बूगँव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या १७६६ ते १७६९ या पृथ्वीप्रदक्षिणेत ही वेल ब्राझीलमध्ये कॉमरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली, म्हणून तिला कप्तानाचे नाव मिळाले. कॉमरसाँचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात जहाजावर चढलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री. वेलीला नाव तिचे द्यायला हवे होते, असे माझे मत आहे. आईचेही असणार.

आई, आता हा भाग तुझ्यासाठी. जाताना बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की पायऱ्यांजवळची गुलबक्षी या खेपेस मुळासकट काढून टाक, ती बाग नसून रान आहे. मी ती काढलेली नाही. एक झाड उपटायला घेतले होते, पण खाली रताळ्यासारखी जाड मुळी लागली आणि खुरप्याने खणता खणता माझाच दम गेला; तेव्हा उमजले की बाबा इतकी वर्षे दर उन्हाळ्यात ती उपटत आले आणि ती दर वर्षी पुन्हा येत राहिली, यामागे तुझे कारस्थान नसून त्या मुळ्या होत्या. निदान सगळे कारस्थान तुझे नव्हते.

आता पावणेपाच-पाचला, ऊन कलले की ती उमलायला लागते. कळी आधी ओल्या छत्रीसारखी पिळलेली असते, मग एक पीळ सुटतो, मग दुसरा, आणि दहा-पंधरा मिनिटांत फूल उघडे होते. खुर्ची घेऊन बसले तर डोळ्यांदेखत दिसते. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच, तो फुलाचा बाहेरचा कोश रंगून आलेला असतो. पाकळ्या या फुलाला मुळातच नाहीत. गुलाबी आहे, पिवळी आहे, आणि एका झाडावर अर्धे गुलाबी, अर्धे पिवळे, मधेच शिंतोडे उडाल्यासारखे, अशी कोणतीही दोन सारखी नसलेली फुले येतात.

बाबा, तुम्ही ज्याला रान म्हणता त्या झाडाने विज्ञानाला काय दिले आहे, तेही ऐका. मेंडेलचे आनुवंशिकतेवरचे विस्मरणात गेलेले काम १९०० साली ज्यांनी पुन्हा उजेडात आणले, त्यांपैकी कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने पुढे हीच गुलबक्षी प्रयोगाला घेतली. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांची पाने असलेल्या झाडांचे त्याने एकमेकांशी संकर केले आणि १९०९ साली दाखवून दिले की रोपाच्या पानांचा रंग केवळ आईवर ठरतो : बी हिरव्या फांदीवर धरले तर रोप हिरवे, पांढऱ्या फांदीवर धरले तर पांढरे, मग पराग कोणत्याही फांदीचे असोत. पानाला हिरवेपणा देणारी हरितलवके बीजांडातून, म्हणजे आईकडून येतात, त्यात बापाचे काही चालत नाही. आपल्या पायऱ्यांजवळ असे ठिपकेदार पानांचे एक झाड आहे. मी त्याच्याशेजारी काठी रोवून ठेवली आहे, म्हणजे चुकून कोणी उपटणार नाही. कोणी म्हणजे कोण, ते लिहीत नाही.

दिवे लागण्याच्या वेळेस मधुमालती. गेटवरच्या वेलाला या वर्षी इतके घोस आले आहेत की दार उघडताना डोके वाकवावे लागते. तिची फुले तीन रंगांची असतात असे मी समजत होतो, पण फूल एकच असते आणि रंग तीन दिवसांचे असतात. खात्री करून घेण्यासाठी एका घोसातल्या एका कळीच्या देठाला निळा दोरा बांधला. संध्याकाळी ती उमलली तेव्हा दुधासारखी पांढरी आणि समोर पाहणारी होती. दुसऱ्या दिवशी गुलाबी झाली आणि थोडी कलली. तिसऱ्या दिवशी गडद लाल होऊन खाली मान घालून बसली. पांढरा रंग आणि वास हे रात्रीच्या, लांब सोंडेच्या पतंगांसाठी असते. रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि पक्षी येतात. तो पतंगही पाहिला. तो फुलावर बसत नाही, हवेतच थांबून सोंड नळीत सोडतो, आणि त्याच्या पंखांचा आवाज लहानशा पंख्यासारखा ऐकू येतो.

त्यानंतर सात ते नऊ मोगरा. आणि या साऱ्या घड्याळात जो काटा वर्षातून एकदाच फिरतो, तोही फिरला आहे. कोपऱ्यातल्या ज्या कुंडीला मी सबंध हिवाळाभर रिकामी समजत होतो आणि जिच्यात झेंडूचे बी टाकण्याच्या बेतात होतो, तिच्यातून ६ मेच्या सकाळी, पानाचा पत्ता नसताना, जांभळट ठिपक्यांचा एक जाड कोंब वर आला. फुटबॉल लिली! वहीत तिच्यापुढे तुम्ही लिहिले होते : "दिसत नसली तरी आहे." आठवड्याने तो कोंब फुटला आणि लाल चेंडू झाला. पण तो चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. मी मोजायला बसलो. प्रत्येक फुलाला सहा बारीक पाकळ्या आणि सहा पुंकेसर, प्रत्येक पुंकेसराच्या टोकाला पिवळा दाणा. ११३ पर्यंत पोहोचलो आणि हिशेब चुकला. आता पाने येऊ लागली आहेत. तिला मोठ्या कुंडीत हलवावे की नाही, हे कळवा. कंदाला हलवलेले आवडत नाही, असे वाचले. पण कुंडीचा एक काठ फुटायला आला आहे.

आता ताईविषयी. बाबा, तुम्ही गेल्या आठवड्यात फोनवर म्हणालात की ती तुम्हाला एकट्याने जिना उतरू देत नाही, खुर्चीवरून उठलात तरी धावत येते, आणि संध्याकाळी खाली फिरायला जायचे नावही काढू देत नाही. मी तेव्हा तिचीच बाजू घेतली होती. काल तिला फोन करून सांगितले की डॉक्टरांनी चालायला मनाई केलेली नाही. डोळ्यात धूळ-पाणी जाणार नाही एवढे सांभाळून, काळा चष्मा लावून, रोज संध्याकाळी त्यांना खाली जाऊ दे, आणि सोबत जायचे असेल तर चार पावले मागून जा. ती चिडली आणि म्हणाली, तुला हे कधीपासून कळायला लागले? मी तिला जाळीखालच्या मोगऱ्याचे सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की बाबांना यातले काही सांगू नकोस, ते चढून बसतील. म्हणून हे लिहून कळवतो आहे, सांगितलेले नाही.

आई, तुझ्या गुडघ्यांसाठी पायऱ्यांच्या कडेला कठडा बसवून घेतला आहे. तो गुलबक्षीच्या बाजूने न घेता दुसऱ्या बाजूने घेतला. गुलबक्षीचे काळे बी रोज दोन-चार गळून पडते, ते रंगाप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत घालून वर नाव लिहून ठेवतो आहे. दुरंगी झाडाच्या पुडीवर काय लिहावे ते सुचत नाही.

बाबा, परत याल तेव्हा वहीचा नवा भाग माझ्या अक्षरात असेल. मोगऱ्यापुढे मी पाऊण पान लिहिले आहे. ते तुम्ही खोडून पुन्हा एक शब्द कराल, हे मला ठाऊक आहे.

लिलीच्या कुंडीचे उत्तर फोनवरच द्या, पत्राची वाट पाहिली तर काठ आधी फुटेल.

तुमचा,
धाकटा